जॅक्सन पाव्हणं

मोठा माणूस घरी येऊन काय बोलून गेला, हे घरचे लोक विसरतात. काय खाऊन गेला, ते दोन-चार दिवाळ्या लक्षात ठेवतात. पण १९९६ साली मायकल जॅक्सन मुंबईत 'मातोश्री'वर गेला आणि तिथल्या संडासाला जाऊन आला, ही गोष्ट तीसेक वर्षं होत आली तरी महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. ती बाहेर फोडली कुणा नोकराचाकरानं नव्हे. खुद्द बाळासाहेब ठाकऱ्यांनीच पत्रकारांना मोठ्या अभिमानानं सांगितली होती.

आमचं सिरसाळा परळीहून तेलगावकडं आणि पुढं बीडकडं जाणाऱ्या रस्त्यावर. त्या काळी आमच्याकडं पेपर निघायचा सकाळी, पोचायचा दुपारच्या एसटीनं आणि वाचून व्हायचा सांजेला. कारण तो एकच माणूस वाचायचा, माझे आबा, आणि तेही पारावर बसून, मोठ्यानं, छापणाऱ्याच्या नाव-पत्त्यासकट. जॅक्सनची ती बातमी वाचून झाल्यावर पारावर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एक जण म्हणाला, "आबा, ह्यात पेपरात छापण्यासारखं काय हाय? आमी तर रोजच जातोत."

आबांनी चष्मा काढला. "तू जातूस रानात. त्यो गेला संडासात. फरक हाय बाबा."

आबांना हा फरक कळत होता, कारण अख्ख्या आळीत संडास फक्त आमच्याकडं होता. एका वर्षी कापसाला बरा भाव मिळाला, त्या भरात आबांनी तो बांधला. पांढरंशुभ्र भांडं परळीहून एसटीच्या टपावरून आलं तेव्हा वाटेतल्या दोघा-तिघांनी त्याला देवाची काहीतरी वस्तू समजून हात जोडले होते म्हणे. बांधून झालं, पत्रा पडला, दार बसलं. आणि मग आमच्या आजीनं विचारलं, "ज्या घरात देव, त्याच घरात हे बी?" तिथं विषय संपला. संडासात गारवा चांगला राहतो हे लक्षात आल्यावर त्यात कांदे भरले. वर सरकीचं एक पोतं. किल्ली आबांच्या कडदोऱ्याला. घरातले आम्ही सगळे पूर्वीसारखेच टमरेल घेऊन ओढ्याकडं जायचो. पण जाताना त्या बंद दाराकडं पाहत जायचो. आपल्याकडं आहे, एवढं समाधान पुष्कळ होतं.

मुंबईचा तो कार्यक्रम १ नोव्हेंबर १९९६ चा, अंधेरीच्या क्रीडा संकुलातला. जॅक्सनचा 'हिस्टरी' नावाचा जगाचा दौरा चालू होता. सप्टेंबरात प्रागला सुरू झालेला तो दौरा पुढच्या ऑक्टोबरात डर्बनला संपला, एकूण ८२ कार्यक्रम. त्यातला भारताच्या वाट्याला एक. सामान आणायला रशियन बनावटीची अजस्र मालवाहू विमानं. विमानतळावर सोनाली बेंद्रेनं नऊवारी नेसून त्याला ओवाळलं. कार्यक्रम ठेवला होता शिव उद्योग सेनेनं, राज ठाकऱ्यांच्या पुढाकारानं, आणि त्यातून उभा राहणारा पैसा महाराष्ट्रातल्या बेरोजगार तरुणांसाठी होता. हे वाक्य आबांनी वाचलं तेव्हा पारावरचे सगळे बेरोजगार तरुण सावरून बसले. "बीड जिल्ह्याला किती येतील, आबा?" असं एकानं विचारलं. दुसऱ्यानं तेवढ्या भरवशावर पानटपरीवर खातं उघडलं. ते खातं पुढं त्याच्या थोरल्या भावानं फेडलं.

आणखी एक मुद्दा होता. तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री गोपीनाथराव मुंडे. ते आमच्याच परळी तालुक्यातल्या नाथ्र्याचे. म्हणजे मुंबईचे पोलीस त्यांच्या हाताखालचे, आणि जॅक्सनभोवतीचं कडं त्या पोलिसांचं. तेव्हा जॅक्सनला सांभाळून परत पाठवण्याचं काम शेवटी परळी तालुक्यानंच केलं, असा पारानं एकमतानं निकाल दिला.

एवढं झाल्यावर गावातली पोरं मागं मागं चालायला लागली नसती तरच नवल. जॅक्सननं ती चाल, मूनवॉक, १९८३ साली अमेरिकेतल्या एका टीव्हीच्या कार्यक्रमात पहिल्यांदा दाखवली. सिरसाळ्यात ती तेरा वर्षांनी पोचली. आमच्याकडं येणाऱ्या गोष्टींच्या मानानं हे लवकरच म्हणायचं. त्याच्या पायात काळे चकचकीत बूट, आमच्या पायात रबरी स्लीपर. स्लीपर मागं सरकत नाही, मुडपते. आठ दिवसांत आळीतल्या निम्म्या पोरांचे अंगठे फुटले आणि एक जण मागच्या मागं जनावरांच्या हौदात जाऊन बसला. आजी ओसरीवर गहू निवडत होती. म्हणाली, "पुढं चालायची अक्कल नाही मेल्यायला, अन् मागं चाललेत."

दुसऱ्या वर्षी गणपतीत मंडळानं ठरवलं की यंदा ऑर्केस्ट्रा आणायचाच. आमच्याकडं जे काही करायचं ते गणपतीपर्यंत. एकदा दसरा-दिवाळी झाली की कोयते निघतात. कोयता म्हणजे ऊसतोडीला जाणारं नवरा-बायकोचं जोडपं. मुकादमाच्या वहीत दोघांचा मिळून एकच आकडा धरतात. गाड्या भरभरून माणसं साखर कारखान्यांकडं जातात आणि गावात म्हातारी, पोरं आणि कुत्री उरतात. त्यांच्यासाठी कोण ऑर्केस्ट्रा आणणार?

त्या काळातले ऑर्केस्ट्रे ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. त्यात एक ज्युनिअर अमिताभ असायचा, एक ज्युनिअर गोविंदा, एक ज्युनिअर जॉनी लिव्हर. सीनिअर कुणीच नसायचा. निवेदक शेर म्हणायचा आणि त्याच दमात "अमुक अमुक यांच्याकडून या गाण्याला अकरा रुपये, टाळ्या" हेही म्हणायचा. दोन्हींना सारखीच दाद मिळायची. अध्यक्ष सुपारी द्यायला गेले ते पोस्टरांचं भेंडोळंच घेऊन आले. पोस्टरावर एक टोपी, टोपीखाली अंधार आणि अंधाराखाली अक्षरं: 'खास मुंबईचा ज्युनिअर मायकल जॅक्सन'. 'मुंबईचा' हा शब्द 'जॅक्सन'पेक्षा मोठा होता.

मी तेव्हा तेरा वर्षांचा. मला मंडळाचा बिल्ला मिळाला आणि काम मिळालं, जॅक्सनवर लक्ष ठेवायचं. कारण स्टेज आमच्या घरासमोर होतं. स्टेज म्हणजे ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या पाठीला पाठ लावून उभ्या केलेल्या, मधल्या फटीवर फळ्या, वर ताडपत्री. आमची ओसरी ही मेकअपची खोली. आजीची दळणाची जागा गेली, म्हणून ती सकाळपासून गणपतीशीसुद्धा बोलत नव्हती.

दिवस मावळता टेम्पो आला. तिकडं अजस्र विमानं, इकडं एक टेम्पो. त्याच्या हौद्यात स्पीकर, स्पीकरांवर ढोल, ढोलावर गाद्या आणि गाद्यांवर लुंगी नेसलेला एक काटकुळा, सावळा माणूस, मांडीवर पत्र्याची पेटी घेऊन. मी सगळ्या माणसांत जॅक्सन शोधत होतो. निवेदकानं लुंगीकडं बोट केलं तेव्हा माझ्या पोटात कालवलं.

पण तो बोलायला लागला आणि माझी श्रद्धा परत आली. कारण तो मुंबईची हिंदी बोलत होता. "ए भाई, थोडा पानी मिलेगा क्या?" सिरसाळ्यात असं कुणी पाणी मागत नाही, सरळ रांजणात तांब्या घालतात. अध्यक्षांनी अदबीनं विचारलं, "आपका पुढे कुठं-कुठं प्रोग्राम हैं?" त्यानं केसांवरून हात फिरवत सांगितलं, "दिवाली के बाद सोलापुर साइड. पाँच महिने का बुकिंग है." पाच महिने! अध्यक्षांनी माझ्याकडं पाहिलं, मी आकाशाकडं. आमच्या गावात पाच महिने सलग फक्त दुष्काळ यायचा.

मग त्यानं मला जवळ बोलावून कानात विचारलं, "छोटे, इधर टॉयलेट किधर है?"

मी पळत जाऊन आबांना सांगितलं. आबा उठून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी नंतर फक्त माझ्या आत्याच्या लग्नात पाहिलं. गेल्या वर्षी पेपरात वाचलेली बातमी आज पायानं चालत दारात आली होती. ते फक्त एवढंच म्हणाले, "कांदे काढा."

कांदे काढायला आळीतली सात-आठ माणसं लागली. सरकीचं पोतं अध्यक्षांनी स्वतः पाठीवर घेतलं. झाडलोट झाली, दोन बादल्या पाणी पडलं, आजीनं नाइलाजानं उदबत्ती दिली, ती कुणीतरी आत खोचली. ही सगळी लगबग पाहून रस्त्यावरची माणसं थांबली. स्टेजपुढं बसलेली माणसं उठून इकडं आली. आबांनी कडदोऱ्याची किल्ली काढून कुलूप उघडलं, अगदी देवळाचं दार उघडल्यासारखं. जॅक्सन आत गेला. दार लागलं.

बाहेर शे-सव्वाशे माणूस गप्प उभं. कुणी खाकरलं तरी बाकीचे त्याच्याकडं रागानं बघायचे. एक लेकरू रडायला लागलं, त्याला त्याच्या आईनं तोंडावर हात ठेवून घरी नेलं. पाच मिनिटांनी दार उघडलं आणि जॅक्सन बाहेर आला. एवढी माणसं पाहून तो दचकला. पण कलावंत तो कलावंत. त्यानं नकळत टोपीला हात लावला, टोपी नव्हती तरी. मागून कुणीतरी टाळी वाजवली. त्या रात्रीची पहिली टाळी ती.

मेकअपला तो स्वतःच बसला. पत्र्याच्या पेटीतून शंखजिऱ्याची पुडी, काजळाची डबी, कुरळ्या केसांचा टोप आणि एक पांढरा हातमोजा निघाला. हातमोज्याचा अंगठा उंदरानं खाल्ला होता. त्यानं माझ्या पायांकडं पाहिलं. बिल्ला मिळाला म्हणून मी शाळेचे पांढरे मोजे घालून आलो होतो. एक मोजा त्यानं काढून घेतला, ब्लेडनं पाच भोकं पाडली आणि हातात चढवला. खऱ्या जॅक्सननं १९८३ साली त्या टीव्हीच्या कार्यक्रमात घातलेला हातमोजा पुढं २००९ मध्ये लिलावात साडेतीन लाख डॉलरला गेला. माझ्या मोज्याचा भाव दुसऱ्या दिवशी शाळेत कळला. एकाच पायात मोजा म्हणून मी पहिला तास बाहेर उभा होतो.

तयार झाल्यावर त्यानं मला आणि माझ्या एका मित्राला बाजूला घेतलं. खरी गोष्ट आता सुरू होते.

जॅक्सनच्या एका नाचात सगळे एका रेषेत, शरीर ताठ ठेवून, पुढं झुकतात. इतके, की बघणाऱ्याचं नाक खाजायला लागावं. ती जादू बुटात होती. टाचेत एक खाच आणि स्टेजमधून वर येणारा खिळा. खाच खिळ्यात अडकली की माणूस कितीही झुको, पडत नाही. जॅक्सन आणि त्याच्या दोन शिंप्यांच्या नावावर १९९३ साली अमेरिकेत त्याचं रीतसर पेटंटही निघालं. हे सगळं मला पुष्कळ वर्षांनी कळलं. त्या रात्री मला एवढंच कळलं की अमेरिकेत जे काम खिळा करतो, ते सिरसाळ्यात मला करायचंय.

त्याच्या बुटाच्या टाचांना सायकलच्या ट्यूबचे दोन फास होते. फळ्यांच्या फटीतून ते खाली यायचे. आम्ही दोघांनी ट्रॉल्यांच्या मधल्या भेगेत बसायचं, खुणेची शिट्टी झाली की एकेक फास धरायचा आणि अंगाचं वजन टाकून लोंबायचं. "छोड़ना मत," तो म्हणाला. "छोड़ा तो जॅक्सन गया."

तेव्हा माझ्या आळीतली सगळी माणसं जॅक्सनचा कार्यक्रम समोरून बघत असताना मी तो खालून बघितला. मला दिसले ते दोन तळवे. डाव्या बुटाला ठिगळ होतं. फळ्यांवर सांडलेलं शंखजिरं फटीतून आमच्या डोक्यावर पडत होतं. वर काहीतरी फार मोठं चाललं असावं, कारण माणसं ओरडत होती, निवेदक "एकवीस रुपये, मागं चालण्यासाठी" असं पुकारत होता आणि ते तळवे खरोखर पाण्यावरून गेल्यासारखे मागं सरकत होते. धूर सोडायचं यंत्र नव्हतं. वारा फिरला आणि कुठल्याशा वीटभट्टीचा धूर आला, तो निवेदकानं आपल्या नावावर खपवला.

शिट्टी झाली. आम्ही फास धरले आणि लोंबलो. वरचं वजन पुढं गेलं. टाचा उचलल्या. टाळ्यांचा पाऊस.

आणि लाईट गेली.

परळीचं औष्णिक वीज केंद्र १९७१ पासून चालू आहे. त्याची राख आम्हाला येते, वीज पुढं जाते. तेव्हा लाईट जाण्यात नवीन काहीच नव्हतं. पण जॅक्सन हवेत अर्धा झुकलेला असताना ती आजवर कुठं गेली नसावी. कॅसेट थांबली. जनरेटरवाला शिव्या देत दोरी ओढायला लागला. काळोखात काय चाललंय हे कुणालाच कळेना. आम्हाला कळत होतं, कारण ट्यूब हातातून इंचाइंचानं निसटत होती. आणि मग वरून, अगदी हळू, पण स्पष्ट आवाज आला:

"सोडू नगं रं बावा! मपलं नाक फुटंल!"

'मपलं'. माझं नाही, मेरा नाही, मपलं. हा शब्द मुंबईत मिळत नाही. तो पुण्यातही मिळत नाही. तो आमच्या बाजूला, आईच्या दुधाबरोबर मिळतो. माझ्या हातातली ट्यूब सुटायचीच बाकी राहिली. मित्र म्हणाला, "आरं, ह्यो तर आपल्यातलाच हाय!" वरून उत्तर आलं, "हाय, हाय. पर आदी धर की!"

आम्ही धरलं. आपला माणूस म्हटल्यावर जोर वाढला. तेवढ्यात अंधारात आमच्या आळीतल्या एकानं हलगी काढली. लाईट नाही, कॅसेट नाही, हातात हलगी आहे आणि समोर गर्दी आहे, असं असताना गप्प बसणारा माणूस मराठवाड्यात जन्मलेला नाही. हलगी कडाडली, ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॅक्टरचे दिवे स्टेजवर टाकले, जॅक्सन सरळ झाला, आणि त्यानंतर वीस मिनिटं मायकल जॅक्सन हलगीवर नाचला. ते मात्र मी फटीतून बाहेर येऊन बघितलं. तो मागं मागं गेला, पुढं आला, बसला, उठला, टोपी उडवली. लोकांनी नोटा उडवल्या. मुंबईतल्या त्या एका रात्रीच्या करमणूक कराचा वाद ग्राहक पंचायतीनं कोर्टात नेला आणि तो धागा २०२१ साली राज्याच्या मंत्रिमंडळापर्यंत पोचला. तीन कोटींवर रक्कम माफ झाली. आमच्या मंडळाचा १९९७ चा हिशेब अजून कुठल्याच मंत्रिमंडळापुढं गेलेला नाही, म्हणून तो तसाच आहे.

रात्री जॅक्सन आमच्या ओसरीवर झोपला. त्याआधी आजीनं त्याला जेवायला वाढलं. सकाळपासूनचा अबोला तिनं "बस रं लेकरा" एवढ्या तीन शब्दांत संपवला. बाजरीच्या तीन भाकरी, पिठलं, ठेचा आणि संडासातून निघालेला एक कांदा, बुक्कीनं फोडून. त्यानं तो ज्या सराईतपणानं फोडला, त्यावरूनच आजीला काय ते कळलं असावं. पण ती काही बोलली नाही. तिनं फक्त चौथी भाकरी टाकली.

सगळे झोपल्यावर मी त्याला विचारलं, "तुमी कुठले?" तो धारूरच्या डोंगरातल्या एका वस्तीचा निघाला. आमच्यापासून काही तासांच्या वाटेवरचा.

"आन् मुंबई?"

"एकदा गेलतो. व्हीटी टेसनावर पाकीट मारलं, माघारी आलो."

"मग सोलापूरकडचं पाच महिन्यांचं बुकिंग?"

तो अंधारात हसला. "कारखान्यावरचं की. मपला कोयता हाय. बायको आन् मी. उचल घेतलीया मुकादमाकून."

मूनवॉक कुठं शिकला, तेही त्यानं सांगितलं. रात्री फडावर ट्रक भरायचा असतो. डोक्यावर उसाची मोळी घेऊन तिरप्या फळीवरून वर चढायचं, मोळी टाकायची आणि खाली यायचं. फळी वीतभर रुंद आणि दवानं निसरडी. तिच्यावर वळायला जागा कुठली? मग तोंड ट्रककडं आणि पाय मागं, घसरत घसरत खाली. असं एका रात्रीत कितीदा, ते त्यानं कधी मोजलं नव्हतं. एकदा मुकादमानं बॅटरीच्या उजेडात त्याला उतरताना पाहिलं आणि म्हणाला, "आरं लेका, तू तर जॅक्सनच हाईस." तोपर्यंत जॅक्सन कोण हे त्याला माहीत नव्हतं. पुढं एका टुरिंग टॉकीजवाल्याकडं त्यानं व्हिडिओ पाहिला. "बगितलं," तो म्हणाला, "तर गडी मपल्यावानीच उतरत व्हता. निस्ती मोळी नव्हती."

"मग तुमी आमच्याच जिल्ह्याचे म्हून सांगत का नाही?"

"येडा हाईस का? धारूरचा जॅक्सन बघाया कोन यील? पिकतं तितं इकत नाही, बावा."

तिकडं मुंबईतल्या हॉटेलात खऱ्या जॅक्सननं उशीवर भारतावरच्या प्रेमाचा मजकूर लिहून सही ठेवली होती. आमच्या जॅक्सननं उशीवर काजळ आणि खोबरेल तेलाचा एक डाग ठेवला. आजीनं तो सोड्यात घालून तीनदा धुतला. गेला नाही. शेवटी तिनं उशी उलटी केली.

पहाटे मला जाग आली ती हाक मारल्यामुळं. तो दारात उभा होता, लुंगीत, आमचं टमरेल हातात घेऊन. "ओढा कुन्या अंगाला?"

मी म्हटलं, "संडास हाय की! काल गेलतात तसं…"

त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "काल निस्ता उबा राहिलो आत. कांद्याच्या वासानं डोळ्यातून पानी. मला कोंडल्यावानी होतंय असल्यात. पर काय करनार? मुंबईचा मानूस टमरेल घेऊन निगाला, तर अध्यक्ष सुपारी कापल की!"

आम्ही दोघं ओढ्याकडं गेलो. जगातल्या सगळ्या कार्यक्रमांत कलावंताच्या सर्वांत जवळ जाण्याचा जो प्रसंग असतो, तो मला त्या झुडपाआड मिळाला. त्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं नाही. सात वाजता टेम्पो गेला. स्पीकरांवर ढोल, ढोलावर गाद्या, गाद्यांवर तो. त्यानं हात हलवला. हातात माझा मोजा होता.

आबांना मी हे कधीच सांगितलं नाही. सांगणार कसं? त्या दिवसापासून कांदे परत संडासात गेले नाहीत. "जॅक्सन पाव्हणं गेलते तितं कांदे ठिवू का?" असं आबा म्हणाले आणि घरातल्या सगळ्यांना संडास वापरायला लावला. आजीनं महिनाभर ऐकलं नाही. मग गुडघे दुखायला लागले आणि तिनं देवाची समजूत काढली. आळीतली माणसं बघायला यायची. पाहुण्यांना पत्ता सांगताना "जॅक्सनच्या संडासापासून डावीकडं" असं सांगायची पद्धत पडली. पुढं २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं, साहेब लोक गावात फिरायला लागले, भिंतीभिंतीवर घोषणा रंगल्या. आबा त्यांना हाताला धरून आमच्या परड्यात न्यायचे. "तुमी आता सांगायलात. आमी मायकल जॅक्सनला सोय करून दिली व्हती." साहेबांना वाटायचं, म्हातारा भ्रमिष्ट आहे. म्हाताऱ्याला वाटायचं, साहेब नवखे आहेत.

एकदा मी न राहवून म्हटलं, "आबा, तो खरा जॅक्सन नव्हता. ज्युनिअर होता."

आबा शांतपणे म्हणाले, "जुनियर म्हंजी धाकटा. थोरला असो का धाकटा, घरानं एकच."

२५ जून २००९ रोजी लॉस एंजेलिसला थोरला गेला. आपल्याकडं तोवर २६ तारीख उजाडली होती. घरी टीव्ही आला होता. सगळ्या वाहिन्यांवर तीच बातमी, तोच मागं मागं जाणारा माणूस. आबा बराच वेळ बघत बसले. आजी म्हणाली, "आपल्याकडं चार भाकरी खाल्लेलं लेकरू का गं हे?" तिला सांगितलं, ते नव्हे, त्यांचा थोरला. तिनं तरी डोळ्याला पदर लावला. मग आबा उठले, परड्यात गेले आणि त्यांनी संडासाला कुलूप घातलं.

"आज कुनी वापरायचा नाही," ते म्हणाले. "सुतक हाय."

आबांपुढं बोलायची घरात कुणाची टाप नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत कुलूप तसंच. मग मी आणि माझा चुलतभाऊ इतक्या वर्षांनी पुन्हा टमरेलं शोधून ओढ्याकडं निघालो. आणि नेमकं त्याच दिवशी गावात गुड मॉर्निंग पथक आलेलं. उघड्यावर जाणाऱ्यांना पहाटेच्या अंधारात धरायचं, हातात गुलाबाचं फूल द्यायचं आणि नाव लिहून घ्यायचं, हे त्यांचं काम. बॅटरीचा झोत थेट तोंडावर आला.

"घरी संडास नाही का?"

"हाय."

"मग कामून आलात हितं?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

"मायकल जॅक्सन वारला, साहेब."

साहेबांनी वहीत कारणाचा रकाना शोधला. या कारणाला रकाना नव्हता. ते थोडा वेळ आमच्याकडं बघत राहिले, मग फूल हातात देऊन पुढं गेले.

मी टमरेल घेऊन झुडपाकडं वळलो. ओढ्याला पहिल्या पावसाचं थोडं पाणी आलं होतं. मनात आलं, आबांनी श्रद्धांजली वाहायला कुलूप घातलं खरं. पण धाकट्या पातीचा मान आम्हीच राखतोय. त्यालाही हेच आवडायचं.